उसाच्या बेण्याला धनी कोण?

पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारखान्याच्या गट ऑफिसात दहा मिनिटे बसा, ‘86032 आता संपला’ हे उसाच्या एका वाणाबद्दलचे वाक्य कानावर पडतेच. फुटवे कमी, कांडी आखूड, खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकात) नांग्याच नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा. जिथे एकरी साठ टन निघायचे तिथे चाळिशीतच काटा अडतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: नवीन काय आलंय? कुणी 10001 सुचवतो, कुणी 13007. कुणाला शेजारच्या तालुक्यात एका बागायतदाराकडे ‘लई भारी’ ऊस असल्याची बातमी असते आणि दुसऱ्या दिवशी तिकडे टेम्पो निघतो. तो ऊस लागणीचा की खोडव्याचा, किती महिन्यांचा, त्याचे बेणे, म्हणजे लागणीच्या कांड्या, मुळात कुठून आले, हे विचारायची पद्धत नाही. दर गुंठ्यावर ठरतो, पैसे रोख, पावती नाही.

वाणाच्या नावाने आपण जे रडगाणे गातो त्यातला मोठा भाग खरे तर बेण्याचा आहे. आणि बेणे खराब असण्याला शेतकऱ्याचे अज्ञान एवढेच कारण पुरत नाही. चांगले बेणे कसे असते हे आपल्याकडे निदान दोन पिढ्यांना पाठ आहे. ते पिकवून बांधापर्यंत पोचवायची जबाबदारी मात्र कुणावरच नाही. ती कारखान्यावर टाकली पाहिजे आणि गाळप परवान्याशी बांधली पाहिजे, असे माझे मत आहे. खर्च मात्र एकट्या कारखान्याच्या गळ्यात घालून चालणार नाही. का, ते पुढे येईल.

आधी ‘वाण संपला’ म्हणजे काय ते पाहू. को 86032 हा कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचा वाण. त्याच्याआधी आपल्याकडे पुंड्या होता, मग को 419 आला, मग पाडेगावच्या को 740 ने कित्येक वर्षे राज्य केले, साखरेसाठी कोसी 671 आला. वाण येतात आणि जातात, यात नवल नाही. पण ऊस काही ज्वारीसारखा दाण्यातून पेरत नाही आपण. कांडीवरच्या डोळ्यातून तो उगवतो. त्यामुळे 1996 साली शिफारस झालेला 86032 आणि आज तुमच्या शेतात उभा असलेला 86032 हे मुळात एकच झाड आहे, तुकड्या-तुकड्यांनी पुढे नेलेले. त्याचा वंश फारसा बदललेला नाही. बदलले ते त्याच्या अंगातले बिऱ्हाड. गवताळ वाढ, काणी, मोझॅक, पिवळ्या पानांचा रोग आणि खोडवा खुजा, हे सगळे रोग बेण्यातून एका पिकाकडून दुसऱ्या पिकाकडे जातात. दर लागणीला थोडी भर पडते. वीस-पंचवीस वर्षे तेच बेणे गावातल्या गावात फिरत राहिले की उत्पादन घसरते आणि दोष वाणाच्या पदरात पडतो.

यातला खोडवा खुजा हा रोग सगळ्यात लबाड. काणीचा काळा चाबूक लांबून दिसतो, गवताळ वाढीचे बेट पांढरट आणि झाडूसारखे दिसते. खोडवा खुजाचे बाहेरून दिसणारे खास लक्षणच नाही. ऊस हिरवा असतो, उभा असतो, फक्त जरा बुटका आणि बारीक. शेतकरी म्हणतो खत कमी पडले, पाणी कमी पडले. हा जिवाणू उसाच्या आतल्या नळ्यांमध्ये राहतो आणि एका उसावरून दुसऱ्यावर जातो तो कोयत्याच्या पात्यावरून. टोळी एका फडातून दुसऱ्या फडात जाताना कोयता धुते का? बेणे छाटणारा माणूस तरी धुतो का? जंतुनाशकाची बादली बेणे छाटणीच्या जागी ठेवा, ही शिफारस जुनी आहे. मी ती बादली फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

उपायही जुनेच आहेत. साताऱ्यातल्या पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 पासूनचे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची स्थापना 1975 ची. दोन्हीकडून एकच गोष्ट सांगितली जाते: बेणे 9 ते 11 महिन्यांचे, लागणीच्या उसाचे, खास बेण्यासाठी राखलेल्या मळ्यातले घ्या, खोडव्याचे वापरू नका, तीन-चार वर्षांनी बदला. बेणेमळ्याची साखळीही ठरलेली आहे. पहिल्या पायरीवर मूलभूत बेणे, त्याच्यावर उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया 54 अंशांवर अडीच तास, किंवा 50 अंशांच्या पाण्यात दोन तास. किंवा मग उतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे. त्यातून पायाभूत, पायाभूतमधून प्रमाणित, आणि प्रमाणित बेणे शेतकऱ्याच्या बांधावर. ही उष्ण प्रक्रिया प्रत्येक शेतकऱ्याने करायची गोष्ट नाही. तिला यंत्र लागते, तापमान दोन अंश चुकले की डोळे मरतात, आणि नीट केली तरी उगवण थोडी घटतेच. म्हणून ती साखळीच्या माथ्यावर करायची आणि तिचा फायदा खाली वाहू द्यायचा. शेतकऱ्याने बुरशीनाशकात आणि जिवाणू खतात टिपरी (कांडीचे तुकडे) बुडवली तरी ती वरची प्रक्रिया आहे; कांडीच्या आत बसलेला रोग त्याने जात नाही.

या साखळीसाठी किती जमीन लागेल, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात ऊस सुमारे 14 लाख हेक्टरवर, म्हणजे ढोबळमानाने 35 लाख एकरांवर. त्यातला निम्मा खोडवा धरला तर दरवर्षीची नवी लागण सतरा लाख एकरांच्या आसपास. प्रत्येकाने तीन लागणींतून एकदा बेणे बदलायचे ठरवले, तर वर्षाला पावणेसहा-सहा लाख एकरांना प्रमाणित बेणे पाहिजे. एका एकरातल्या बेण्यात दोन डोळ्यांच्या टिपरीने साधारण दहा एकर लागण होते. म्हणजे प्रमाणित बेण्याचे मळे 60 हजार एकर, पायाभूतचे 6 हजार, मूलभूतचे 600. राज्यात हंगाम घेणारे कारखाने दोनशेच्या आसपास. भागाकार केला तर प्रत्येक कारखान्याच्या वाट्याला येतात 300 एकर प्रमाणित, 30 एकर पायाभूत आणि 3 एकर मूलभूत. एक डोळ्याच्या रोपांनी लागण केली तर याहून बरेच कमी. ज्या कारखान्याकडे वीस-पंचवीस हजार एकर उसाची नोंद असते, त्याला तीनशे एकर जड नाहीत. अनेक कारखान्यांच्या मालकीचीच पन्नास-शंभर एकर जमीन असते, ज्यावर संचालकांच्या हौसेखातर आमराई नाहीतर पेट्रोल पंप उभा राहतो.

पैशाचेही तसेच. बेणे पिकवणाऱ्याने ऊस दहाव्या महिन्यात तोडून द्यायचा, मळा निवडून रोगट बेटे उपटायची, तपासणीला दार उघडे ठेवायचे. त्याला कारखान्याच्या दरापेक्षा टनामागे हजार रुपये जादा द्या. एकरी तीस टन बेणे धरले तर तीस हजार जादा मिळाले. घेणाऱ्याला एकरी तीन टन लागले तर त्याच्या खिशातून तीन हजार जास्त गेले. आजच्या दराने तीन हजार म्हणजे एक टन ऊस. शुद्ध बेण्याने एकरी फक्त एक टन वाढवला तरी फिटंफाट, आणि त्या लागणीचा खोडवा फुकटात सुधारला. राज्याची सरासरी एकरी 35 टनांच्या आसपास रेंगाळते आहे. एका टनाची अपेक्षा धरणे म्हणजे काही शेखचिल्लीपणा नव्हे.

इतके सोपे आहे तर होत का नाही? काही कारखाने हे करतात, चांगले करतात. पण बहुतेकांच्या बाबतीत हिशेब आडवा येतो, आणि तो त्यांच्या जागी बसून पाहिला तर खोटाही नाही. 1997 मध्ये झोनबंदी उठली. शेतकऱ्याला आपला ऊस हव्या त्या कारखान्याला घालायचे स्वातंत्र्य मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. मात्र त्या दिवसापासून बेण्यावर केलेला खर्च आपल्याच गव्हाणीत परत येईल याची खात्री संपली. एका कारखान्याने तीन वर्षे खपून शेतकऱ्याला शुद्ध बेणे द्यायचे, आणि तोडणीच्या वेळी पंचवीस किलोमीटरवरच्या खासगी कारखान्याने शंभर रुपये जास्त देऊन ऊस न्यायचा. मग हुशार कार्यकारी संचालक काय करेल? तो पैसा बेणेमळ्यात न घालता तोडणी टोळ्यांच्या उचलीत (आगाऊ रकमेत) घालेल, कारण टोळी आली की ऊस आला. प्रत्येकाला हवे आणि खर्च कुणालाच परवडत नाही, अशा कामाला सगळ्यांनी मिळून पैसा घालण्यावाचून मार्ग नसतो.

दुसरी अडचण दराच्या सूत्रातच आहे. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) धरून ठरते, आणि उतारा मोजला जातो अख्ख्या कारखान्याचा. 2025-26 साठी ती क्विंटलला 355 रुपये होती. तुमच्या उसात साखर जास्त भरली म्हणून तुम्हाला शेजाऱ्यापेक्षा एक रुपया जास्त मिळत नाही. शेतकरी वजनावर जगतो, कारखाना साखरेवर. फुले 265 चे उदाहरण डोळ्यासमोर आहे. क्षारपड जमिनीत तगणारा, वजनाला भरघोस, म्हणून शेतकऱ्यांनी उचलून धरला. उतारा उशिरा आणि कमी म्हणून अनेक कारखान्यांनी त्याच्या नोंदीला नाक मुरडले. परिणाम असा झाला की तो वाण कुठल्याही बेणे साखळीच्या बाहेरून, टेम्पोतून पसरला. ज्याची नोंद घ्यायला कारखाना नाखूश, त्याचा बेणेमळा कारखाना कशाला करेल? म्हणून बेणेमळ्यात कोणते वाण असावेत हे एकट्या शेतकी अधिकाऱ्याने ठरवू नये. जमिनीच्या प्रतीनुसार निदान तीन-चार वाण ठेवणे बंधनकारक हवे, त्यात शेतकऱ्याच्या पसंतीचा वजनदार वाणही आला.

तीन-चार वाणांचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे, आणि त्यासाठी उत्तर प्रदेशकडे पाहावे लागते. तिथे को 0238 या वाणाने चमत्कार केला. कर्नालच्या केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी विकसित केलेला हा वाण 2009 मध्ये प्रसारित झाला आणि दहा वर्षांत त्या राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊसक्षेत्रावर पोचला. नऊ टक्क्यांच्या आसपासचा उतारा अकराच्या वर गेला. महाराष्ट्राला मागे टाकून उत्तर प्रदेश साखरेत पहिला झाला तो याच काळात. मग रेड रॉट हा बुरशीचा रोग आला. बुरशीचा नवा प्रकार तयार झाला, सगळीकडे एकच वाण, त्यामुळे तिला अडवायला काही नव्हते, आणि बाधित बेणे एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जात राहिले. आज तिथे तोच वाण काढून टाकायची धडपड चालू आहे. वाण खरोखरच मोडतो तो असा. आपल्या हवेत रेड रॉटचा जोर कमी, हे आपले नशीब. पण 86032 आणि 265 या दोन नावांवर बहुतांश राज्य उभे आहे, तेव्हा नशिबावर किती भिस्त ठेवायची ते ठरवावे लागेल.

उत्तर प्रदेशकडून शिकण्यासारखेही आहे. तिथे ऊस विकासाचे स्वतंत्र खाते आहे, वाण स्वीकृत की अस्वीकृत हे सरकार जाहीर करते, आणि गेल्या काही वर्षांत महिला बचत गटांकडून एक डोळ्याची रोपे तयार करून घेऊन नवे वाण गावोगाव नेले गेले. आपल्याकडे साखर आयुक्तालय परवाने देते आणि एफआरपीच्या थकबाकीसाठी जप्तीच्या नोटिसा काढते. वाण काढणे विद्यापीठाकडे, विस्तार कृषी खात्याकडे, ऊस कारखान्याकडे. बेणे या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडलेले आहे.

त्या फटीत आता खासगी रोपवाटिका शिरल्या आहेत. हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. ट्रेमधल्या रोपांनी बेण्याची मोठी बचत केली. पाच फुटी सरीत दीड-दोन फुटांवर लावली तर एकरी साडेचार ते सहा हजार रोपांत काम होते. नांग्या कमी पडतात, महिनाभराचा वेळ वाचतो, पाणी वाचते. पण रोपवाटिकेतले रोप महिन्याचे असताना सगळी रोपे सारखीच हिरवीगार दिसतात. डोळा कुठल्या उसाचा काढला हे त्या कोकोपीटमध्ये दिसत नाही. गवताळ वाढ दोन-तीन महिन्यांनी डोके वर काढते, तोपर्यंत पैसे दिलेले असतात आणि पावतीवर वाणाचे नाव असले तर असले. चांगल्या रोपवाटिका स्वतःचा मातृमळा ठेवतात. बाकीच्या, ऑर्डर वाढली की मिळेल तो ऊस आणून डोळे काढतात. गिऱ्हाइकाला दोघांतला फरक कळायला काही साधन नाही. प्रत्येक रोपवाटिकेने मातृबेणे कोणत्या मळ्यातून, कोणत्या तारखेला घेतले ते पावतीवर लिहायचे आणि तो मळा कारखान्याच्या नोंदीत सापडला पाहिजे, एवढा एक नियम झाला तरी बराच कचरा आपोआप गळेल.

नियम म्हटले की लगेच भीती निघते इन्स्पेक्टर राजची, आणि ती अनाठायी नाही. बियाण्याच्या नावाखाली शेतकऱ्याचा हात बांधणारा कायदा मला नको आहे. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा, ब्रँडचे लेबल न लावता विकण्याचाही हक्क दिलेला आहे. भावाने भावाला चार गुंठे बेणे दिले तर त्यात सरकारचा संबंध नाही. बंधन विकणाऱ्या रोपवाटिकेवर आणि गाळप करणाऱ्या कारखान्यावर असावे. गाळप परवाना मागताना जसे मागील थकबाकीचे विचारले जाते, तसे बेणेमळ्याचे विचारा: मूलभूत किती, पायाभूत किती, प्रमाणित किती, कुठल्या सर्व्हे नंबरात, कुणी तपासले. यादी गट ऑफिसच्या भिंतीवर लावा. शेतकऱ्यांच्या डोळ्यांइतकी कडक तपासणी दुसरी नाही. कुठल्या संचालकाच्या पाहुण्याचा खोडवा ‘प्रमाणित’ म्हणून खपवला, हे गावाला दुसऱ्या दिवशी कळते.

उरला पैसा. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. टनाला पाच रुपये धरले तरी पन्नास कोटी होतात, कारखान्यामागे सरासरी पंचवीस लाख. बाष्प प्रक्रियेचे युनिट, दोन प्रशिक्षित माणसे, उतिसंवर्धित रोपे आणि न खपलेल्या बेण्याची भरपाई, एवढे यात बसू शकते. शेवटची बाब सगळ्यात महत्त्वाची. पाऊस लांबला की लागणी थांबतात, बेणे मळ्यातच वयात येते आणि शेतकरी म्हणतो, पुन्हा या भानगडीत पडणार नाही. न खपलेला बेणेऊस ठरलेल्या दराने, पहिल्या पाळीत गाळायला घेण्याची लेखी हमी नसेल तर तीनशे एकर कागदावरच राहतील.

हे पाच रुपये उसाच्या बिलातून कापू नयेत. कपातींच्या यादीने शेतकरी आधीच वैतागलेला आहे, आणि रास्त वैतागलेला आहे. पूर्वी साखरेवरच्या उपकरातून साखर विकास निधी भरत असे आणि त्यातून ऊस विकासाला स्वस्त कर्ज मिळे. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. साखरेवरच्या जीएसटीत राज्याचा वाटा आहे, मळीपासून होणाऱ्या मद्यावरचे उत्पादन शुल्क तर सगळे राज्याचेच. त्या गंगाजळीतून पन्नास कोटी परत उसाच्या मुळाशी घालायला मंत्रालयाला जड जाऊ नये. उसात एआय आणण्यासाठी अलीकडे सरकारने आणि कारखान्यांनी बराच उत्साह दाखवला आहे. उपग्रह, सेन्सर, मोबाइलवर संदेश, सगळे चांगले आहे. फक्त ज्या सरीत रोगट टिपरी पडली आहे, तिथला सेन्सर ओल किती ते सांगेल, डोळ्यातला जिवाणू त्याला दिसणार नाही.

मराठवाड्याचा विचार इथे वेगळा करावा लागतो. तिथे दोन पावसाळे चांगले झाले की क्षेत्र एकदम वाढते, आणि त्या घाईत बेणे मिळेल तिथून ट्रकने येते. दुष्काळात ऊस मोडतो, चाऱ्याला जातो, बेणेमळाही त्यात जातो. अशा भागात पाण्याची खात्री असलेल्या ठिकाणी दोन-तीन कारखान्यांनी मिळून सामाईक मूलभूत आणि पायाभूत मळे ठेवणे शहाणपणाचे. तिथे एवढा ऊस असावा का, हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचे माझे उत्तर फारसे लोकप्रिय होणार नाही. पण जो ऊस लावला जाणारच आहे त्याला निदान कमी एकरांत जास्त टन देणारे बेणे मिळाले, तर पाण्याचाही थोडा हिशेब सुधारतो.

आडसालीचे (पावसाळ्यातल्या लागणीचे) वेळापत्रक लक्षात घेतले तर घाई का करायची ते कळेल. जुलैत लागणारे प्रमाणित बेणे आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेले असावे लागते. त्यासाठीचे पायाभूत बेणे त्याच्याही आधी दहा महिने, आणि मूलभूत त्याच्याही आधी. तीन पायऱ्या मिळून अडीच ते तीन वर्षे जातात. कारखान्याच्या संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची असते. यंदा निवडून आलेल्या मंडळाने पहिल्याच हंगामात तीन एकर मूलभूत बेणे लावले, तर पुढच्या निवडणुकीच्या आधी सभासदाच्या शेतात त्याची लागण उभी असेल आणि खोडवाही फुटायला लागलेला असेल.